पीसी पुन्हा पुन्हा अडकतोय? नवा प्रोसेसर घेण्याआधी आहे तो मुद्दाम हळू करून बघा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. क्रोममध्ये पंचवीस-तीस टॅब उघडे, मागे व्हिडिओ एक्स्पोर्ट किंवा अँड्रॉइड स्टुडिओचं बिल्ड (कोडमधून ॲप तयार होणं) चालू, एक व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आत चालणारा आभासी पीसी) सुरू, आणि तेवढ्यात मीटिंगचा कॉल येतो. आवाज तुटायला लागतो, माउस अडखळतो, टाइप केलेली अक्षरं दोन सेकंदांनी उमटतात. विंडोज नव्याने टाकलं की महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. दुकानात विचारलं तर उत्तर तयार असतं: प्रोसेसर जुना झाला, बदलून टाका. ते कधी कधी खरंही असतं. पण रॅम अपुरी पडणं, एसएसडी काठोकाठ भरणं, कूलरमध्ये धूळ साठणं, एखादा ड्रायव्हर बिघडणं, या सगळ्यांची लक्षणं बाहेरून अगदी अशीच दिसतात आणि यातल्या एकावरही नव्या प्रोसेसरचा उपाय चालत नाही.

दोष प्रोसेसरचाच आहे का, हे एक रुपयाही खर्च न करता तपासता येतं. वेगवान प्रोसेसर हाताशी नसला तरी आहे तो हळू करणं आपल्या हातात असतं. हळू केल्यावर काम त्याच प्रमाणात लांबलं, तर वेग वाढवल्यावर ते आटोपतंही लवकर. हळू करूनही फरक पडला नाही, तर नव्या प्रोसेसरनेही पडणार नाही. ही चाचणी खाली सविस्तर दिली आहे. त्याआधी काही आकडे टिपून घ्या.

अडकतानाच बघायचे आकडे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तो उघडा ठेवूनच नेहमीचं काम सुरू करा. परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून 'चेंज ग्राफ टू' मधून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा. एकच एकत्रित रेघ बघत बसलात तर हमखास फसाल.

फसगत दोन प्रकारची होते. पहिली: "सीपीयू तर दहा टक्केच वापरात आहे, मग प्रोग्रॅम अडकतो का?" रायझन ५ ३६०० किंवा कोअर आय५-१२४०० मध्ये सहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड आहेत, म्हणजे प्रत्येक कोअर एकाच वेळी कामाचे दोन धागे सांभाळतो. एका थ्रेडचा वाटा १०० भागिले १२, म्हणजे साधारण ८.३ टक्के. डिटेल्स टॅबमध्ये एखादा प्रोग्रॅम बराच वेळ ८ वर खिळून राहिला, तर त्याचा एक थ्रेड पूर्ण भरलेला आहे आणि बाकीचे अकरा त्याच्या कामाला येत नाहीत. वीस थ्रेडच्या प्रोसेसरवर हाच आकडा ५ दिसतो. विंडोज थ्रेडला एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत असल्याने आलेखात कुठलाच चौकोन पूर्ण भरलेला दिसेलच असं नाही. म्हणून डिटेल्समधला आकडा जास्त भरवशाचा. इथे कोअर वाढवून काही होणार नाही, प्रत्येक कोअर वेगवान हवा.

दुसरी फसगत उलट्या दिशेची. बारा थ्रेड म्हणजे बारा कोअर नव्हेत. वापर ५० टक्क्यांवर असतो तेव्हा सहाही कोअर कामाला जुंपलेले असू शकतात, आणि उरलेल्या ५० टक्क्यांतून दुप्पट काम निघत नाही, पाव हिस्सा जास्त निघालं तरी पुष्कळ. त्यामुळे भरगच्च कामात आकडा ६५-७० वर स्थिरावला असेल, तर "अजून तीस टक्के शिल्लक आहे" असं धरून चालू नका.

आलेखाखालचा 'स्पीड' हा आकडाही टिपा. ३६०० चा मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ आणि कमाल ४.२. सगळे कोअर कामात असताना ४ च्या आसपास दिसलं तर तब्येत ठीक आहे. ३.६ च्या खाली घसरत असेल तर प्रोसेसर कमकुवत नाही, त्याला उष्णता किंवा वीजपुरवठा दाबून ठेवतोय.

प्रोसेसरच्या नावावर खपणारे बिघाड

सगळ्यात जास्त सापडते ती रॅम. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'कमिटेड' खाली दोन आकडे असतात. १६ जीबीच्या मशीनवर त्यातला पहिला आकडा २२-२४ वर गेला असेल, तर मागणी रॅमपेक्षा जास्त आहे आणि तिचा काही भाग एसएसडीवर ढकलला जाऊ शकतो. खात्रीसाठी स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा, मेमरी टॅब उघडा आणि 'हार्ड फॉल्ट्स' चा, म्हणजे रॅममध्ये नसलेली माहिती डिस्कवरून आणावी लागण्याचा, आलेख बघा. प्रोग्रॅम उघडताना तो क्षणभर उसळणं स्वाभाविक आहे. एका खिडकीतून दुसरीत जाताना दर वेळी शेकड्यांत जात असेल, तर तुम्हाला रॅम हवी आहे. विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्यांनी 'व्हीएममेम' ही प्रोसेस बघावी. मर्यादा घातली नसेल तर ती एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते. डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या सोयीच्या) कॉन्फिग फाइलमध्ये मेमरीची कमाल मर्यादा लिहून ठेवली की हा ताप संपतो.

त्याच पानावर 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'स्पीड' असतं. चारपैकी एकच स्लॉट वापरात असेल, म्हणजे १६ ची एकच स्टिक असेल, तर मेमरीचा रस्ता निम्म्या रुंदीचा आहे. स्वस्तात जुळवलेल्या मशीनमध्ये हे फार दिसतं. तशीच दुसरी स्टिक आणा, आणि चार स्लॉट असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. स्टिकवर ३२०० किंवा ३६०० छापलंय आणि टास्क मॅनेजर २१३३ किंवा २४०० दाखवतोय, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेग देणारी सेटिंग, बंद आहे. ते सुरू करायला पैसे लागत नाहीत.

डिस्कचं निदान सोपं आहे. सीपीयू कमी, पण डिस्कचा 'ॲक्टिव्ह टाइम' १०० टक्के आणि 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' शंभर मिलिसेकंदांच्या पुढे, असं अडकतानाच दिसलं की शोध थांबवा. स्वस्त एसएसडी आपल्या काही भागाचा वेगवान बफर म्हणून वापर करते. तो भरला की लिहिण्याचा वेग कोसळतो, आणि ड्राइव्ह भरत जाते तसा बफरही आकसतो. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा कॅशे (तात्पुरत्या फाइल) जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहे का, तेही बघा.

उष्णतेसाठी एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम 'सेन्सर्स ओन्ली' निवडून चालवा, अर्धा तास नेहमीचं काम करा आणि 'मॅक्सिमम' चा रकाना वाचा. ३६०० ची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस, रायझनच्याच ५७००एक्स आणि ५९००एक्स ची ९०, इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या बहुतेकांची १००. प्रोसेसर या मर्यादेला टेकला की स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. खोलीचं तापमान जितके अंश चढतं, साधारण तितकेच अंश प्रोसेसरही चढतो. जानेवारीत पंचवीस अंशांच्या खोलीत ८० वर चालणारं मशीन मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात चाळीस अंशांच्या खोलीत थेट मर्यादेला भिडतं. दर उन्हाळ्यात हळू होणारा आणि पावसाळ्यात सुधारणारा पीसी असेल तर उपाय ठरलेला: कूलरचे पंख आणि जाळी साफ करा, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, आणि कॅबिनेटला समोरून हवा आत येते ना ते बघा.

सीपीयू, डिस्क, रॅम सगळं निवांत असूनही आवाज तडतडत असेल तर ड्रायव्हरकडे वळा. 'सिस्टिम इंटरप्ट्स' ही ओळ एरवी एक टक्क्याच्या आत असते. ती सतत पाचच्या वर राहिली तर वायफाय, लॅन किंवा यूएसबीवरचं एखादं उपकरण प्रोसेसरला सारखं थांबवतंय. यूएसबीची उपकरणं एकेक काढून बघा. लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम दोषी ड्रायव्हरचं नाव दाखवतो.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी बिल्ड चालू असताना 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' किती खातंय ते बघावं. हजारो छोट्या फाइल बनतात आणि प्रत्येक तपासली जाते. विंडोज ११ मध्ये यासाठी 'डेव्ह ड्राइव्ह' ची सोय आहे, किमान ५० जीबी जागा लागते. स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्यांनी ओबीएस या प्रोग्रॅममधला एन्कोडर (व्हिडिओ आकसून साठवणारा भाग) बघावा. एक्स२६४ निवडलेलं असेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर एनव्हीएन्क, इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स असेल तर क्विक सिंक निवडा. मॉडेलच्या शेवटी 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरांत क्विक सिंक मिळत नाही, कारण त्यांत ग्राफिक्सच नसतं.

हळू करून बघण्याची चाचणी

पाच ते दहा मिनिटं चालणारं, पुन्हा पुन्हा तंतोतंत तसंच करता येणारं आपलं खरं काम निवडा: तोच एक्स्पोर्ट, तेच क्लीन (सगळं पहिल्यापासून केलेलं) बिल्ड. बेंचमार्कचे प्रोग्रॅम इथे नकोत, ते प्रोसेसर भरण्यासाठीच लिहिलेले असतात. काम तीनदा करा. पहिली वेळ सोडून द्या, कारण फाइल तेव्हा डिस्कवरून वाचल्या जातात आणि नंतर रॅममधून. उरलेल्या दोन वेळांची सरासरी लिहून ठेवा, आणि टास्क मॅनेजरमध्ये दिसलेला स्पीडही.

आता कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चेंज प्लॅन सेटिंग्ज', 'चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज' असं जा. 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट' मध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० असतं. ते ९९ केलं तरी साधारणपणे टर्बो (मूळ वेगाच्या वर जाणं) बंद होतो आणि प्रोसेसर मूळ वेगावर येतो. फरक कमी वाटला तर ८० किंवा ७० करून बघा. प्रत्यक्षात किती उतरला ते टास्क मॅनेजरमधूनच वाचा, टक्क्यांवर विसंबू नका. मग तेच काम पुन्हा दोनदा करा.

समजा स्पीड ४.० वरून ३.२ वर आला. म्हणजे पूर्णपणे प्रोसेसरवर अवलंबून असलेलं काम सव्वापट लांबायला हवं: ८ मिनिटांचं १० मिनिटं. तसं झालं तर प्रोसेसरच अडवतोय, शंका नको. सव्वाआठ मिनिटांत झालं तर प्रोसेसरचा संबंध जवळपास नाही, पुन्हा वरच्या यादीत शोधा. आणि ९ मिनिटं लागली तर? वेळ साडेबारा टक्के वाढली, अपेक्षित वाढ पंचवीस टक्के होती, म्हणजे निम्मा वेळच प्रोसेसरच्या हातात आहे. अशा वेळी दीडपट वेगवान प्रोसेसर आणला तरी ८ पैकी ४ मिनिटांचीच २ मिनिटं ४० सेकंद होतात आणि एकूण काम ६ मिनिटं ४० सेकंदांवर येतं. दिवसातून असं काम तीसदा करणाऱ्याला चाळीस मिनिटं वाचतात, आठवड्यातून दोनदा करणाऱ्याला तीन मिनिटंही नाहीत. पैसे घालायचे की नाही ते या आकड्यावर ठरवा.

चाचणी संपली की सेटिंग आठवणीने १०० वर आणा. हे विसरल्यामुळे पुढचे सहा महिने "पीसी हळू झाला" म्हणणारे कमी नाहीत.

आता कोअर वाढवायचे का, हा वेगळा प्रश्न. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये प्रोग्रॅमवर राइट क्लिक करून 'सेट ॲफिनिटी' उघडा. प्रोग्रॅमने कुठले थ्रेड वापरायचे ते इथे ठरतं. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर ० आणि १ मिळून एक कोअर, २ आणि ३ मिळून दुसरा, अशी जोडी असते. म्हणून जोडीजोडीने ६ ते ११ च्या खुणा काढा, तीन कोअर उरतात. बिल्डचं साधन नव्या प्रोसेस उघडत असेल तर हे बिल्ड सुरू करण्याआधी करा, म्हणजे पुढच्या प्रोसेसनाही तीच मर्यादा लागते. निम्म्या कोअरवर वेळ दुपटीच्या जवळ गेला, तर जास्त कोअर तुमच्या उपयोगाचे आहेत. दहा-पंधरा टक्केच वाढला, तर बारा कोअरचा प्रोसेसर घेऊन सहा कोअर नुसते बसून राहतील.

यामागचं गणित संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलं. कामाचा ९० टक्के भाग कोअरांमध्ये वाटता येत असेल, तर सहा कोअरवर ते चौपट वेगाने होतं आणि बारावर ५.७ पट. कोअर दुप्पट, फायदा त्रेचाळीस टक्के. निम्माच भाग वाटता येत असेल तर सहावर १.७१ पट आणि बारावर १.८५ पट, म्हणजे फायदा जेमतेम आठ टक्के.

एक गोष्ट मात्र कोअर विकत घेण्याआधी जरूर करून बघा. तक्रार एक्स्पोर्टच्या वेळेची नसून त्या दरम्यान कॉल तुटण्याची असेल, तर एक्स्पोर्टच्या प्रोग्रॅमची प्रायॉरिटी 'बिलो नॉर्मल' करा, किंवा ॲफिनिटीमधून एक पूर्ण कोअर, म्हणजे दोन खुणा, त्याच्याकडून काढून घ्या. सहापैकी एक कोअर कॉलसाठी मोकळा झाला की आवाज बहुतेकदा सुरळीत होतो, आणि एक्स्पोर्ट फार तर पाचव्या हिश्शाने लांबतो. प्रोग्रॅम बंद केला की ही सेटिंग पुसली जाते. कायम ठेवायची असेल तर प्रोसेस लासो हा प्रोग्रॅम वापरता येतो. बाराव्या पिढीपासूनच्या ज्या इंटेलमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात, त्यावर रेंडरची खिडकी मिनिमाइझ केल्यावर काम मंदावत असेल, तर विंडोजने ते छोट्या कोअरांवर ढकललेलं असतं. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' करून बघा.

बदलायचाच ठरला तर बोर्ड काय घेऊ देतो

एएम४ (एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा एक सॉकेट) बोर्डवाल्यांची सोय चांगली आहे. ३६०० काढून त्याच बोर्डवर ५७००एक्स बसवला तर आठ कोअर आणि सोळा थ्रेड मिळतात, आणि वॅटेज ६५ च राहतं. अशा ६५ वॅटच्या प्रोसेसरची प्रत्यक्ष वीजमर्यादा मॉडेलप्रमाणे ७६ ते ८८ वॅट असते. ५९००एक्स मध्ये बारा कोअर आहेत, पण तो १०५ वॅटचा, प्रत्यक्ष मर्यादा १४२. वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंकही नसलेल्या ए३२० किंवा हलक्या बी४५० बोर्डवर तो बसेल, सुरूही होईल, आणि वीस मिनिटांच्या एक्स्पोर्टनंतर बोर्ड तापून वेग उतरवेल. ५८००एक्स३डी ची ९६ एमबी कॅशे (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) गेममध्ये चमकते. एक्स्पोर्ट आणि कंपाइल करणाऱ्याने त्याच पैशांत जास्त कोअर बघावेत. ५७००एक्स, ५९००एक्स आणि ५८००एक्स३डी यांच्यासोबत कूलर येत नाही, ३६०० सोबतचा छोटा कूलर १०५ वॅटला पुरत नाही.

इंटेलकडे सॉकेटचं नाव फसवतं. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीचा सॉकेट ११५१ च, पण आय७-७७०० च्या बोर्डवर आय७-८७०० चालत नाही. म्हणजे ७७०० वाल्याला त्या बोर्डवर चार कोअरच्या पुढे वाटच नाही. विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही तो बसत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा इथे प्रोसेसर नव्हे, पूर्ण संच बदला. इंटेलच्याच एलजीए १७०० सॉकेटवर मात्र बारावी ते चौदावी पिढी चालते: १२४०० च्या जागी १३५०० घेतला तर सहा मोठे आणि आठ छोटे मिळून चौदा कोअर, वीस थ्रेड. तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या जास्त वॅटच्या मॉडेलना व्होल्टेजच्या दोषामुळे अस्थिरता आली होती. २०२४ मध्ये आलेला ०एक्स१२बी मायक्रोकोड (प्रोसेसरची अंतर्गत दुरुस्ती) किंवा त्यानंतरचा बायोस टाकल्याशिवाय ती चालवू नका. लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही वापरलेला घेताना वॉरंटी किती उरली तेही विचारा.

एएमडीच्या एएम५ वर जायचं तर रॅमही नवी लागते, तो सॉकेट फक्त डीडीआर५ घेतो. एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ घेतात. ३२ जीबी चांगली डीडीआर४ हाताशी असेल तर हा फरक हिशेबात धरा.

बदलताना

बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर प्रोसेसरची यादी बघा आणि त्यापुढे लिहिलेली बायोस आवृत्ती टाका, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. एफएटी३२ फॉरमॅटचा पेनड्राइव्ह, यूपीएस सुरू, आणि अपडेट संपेपर्यंत हात लावू नका. त्याआधी विंडोजमधलं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) तात्पुरतं थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. विंडोज ११ वर ते तुमच्या नकळत सुरू झालेलं असू शकतं. प्रोसेसर बदलल्यावर एएमडी बोर्ड एफटीपीएमबद्दल (त्या कुलपाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागाबद्दल) विचारतो. 'वाय' दाबलं की जुनी नोंद पुसली जाते आणि की नसेल तर ड्राइव्ह उघडत नाही.

एएम४ चा कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं कामात ठेवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून वायर काढा आणि कूलर सरळ न ओढता डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवा. थंड कूलर ओढला की प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. इंटेल आणि एएम५ वर पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे बोट किंवा कापड जाऊ देऊ नका. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर थेट बायोसमध्ये जा. अपडेटने एक्सएमपी आणि व्हर्च्युअलायझेशन दोन्ही बंद झालेलं असू शकतं, म्हणूनच नव्या प्रोसेसरवर व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही अशी तक्रार येते. एएमडीवर 'एसव्हीएम', इंटेलवर 'व्हीटी-एक्स' सुरू करा. मग तेच काम, तोच एक्स्पोर्ट, पुन्हा तीनदा लावा. वेळ आधी काढलेल्या हिशेबाच्या जवळ आली नाही तर पहिल्यांदा कमाल तापमान आणि स्पीड बघा. दोन्ही ठीक असतील तर रॅमचा स्पीड, आणि शेवटी पॉवर ऑप्शन्समधलं ते 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' अजून ८० वरच तर नाही ना, ते.